आपल्याच मुलखातली फौज

स्मरणिकेतला इतिहासाचा लेख म्हटला की गड, लढाया आणि जुनी पत्रे आलीच. मीही सुरुवात पोवाड्यापासूनच करणार आहे, पण जायचे आहे दुसरीकडे.

पोवाड्यांची आवड असलेल्या मराठी माणसाला ॲक्वर्थ हे नाव नवीन नाही. हॅरी ॲक्वर्थ हे इंग्रज सनदी अधिकारी. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या मदतीने त्यांनी गोंधळ्यांकडून जुने पोवाडे मिळवले, १८९१ साली ते छापून काढले आणि १८९४ मध्ये त्यांतल्या काहींचे इंग्रजी भाषांतरही केले. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आज आपण वाचतो, त्यात या संग्रहाचा मोठा वाटा आहे. हेच ॲक्वर्थसाहेब तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते, आणि पोवाडे छापून निघाले त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९० साली, त्यांनी माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी एक आश्रयस्थान उभारले. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. तिथे आता कुष्ठरोगाचे एक संग्रहालयही आहे.

एकाच माणसाने मराठ्यांचे पोवाडे वाचवले आणि मुंबईच्या रस्त्यावरचे महारोगी उचलून भिंतीआड नेले. पहिल्या कामाबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. दुसऱ्याबद्दल काय म्हणावे हे मला अजून ठरवता येत नाही. त्या भिंतीच्या आत जेवण होते, अंथरूण होते, मलमपट्टी होती. पण भिंत बांधली होती ती बाहेरच्यांसाठी. बाहेरच्यांना भीती कशाची होती? झडलेल्या बोटांची, बसलेल्या नाकाची, न मिटणाऱ्या डोळ्यांची. ज्याची बोटे झडली तो सर्वांत घातक, असे सगळे जग मानत होते. आपल्याकडेही याला महारोग म्हणत, कुठे रक्तपिती म्हणत, आणि बालाघाटच्या बाजारात आजही ‘कोढ’ हा शब्द आवाज खाली करूनच उच्चारला जातो.

मला या लेखात एकाच प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. ही बोटे नेतो कोण?

आजार फार जुना आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या आहेत. सुश्रुतसंहितेत कुष्ठाची वर्णने आहेत, त्यात कातडीची बधिरता आहे, आणि तुवरकाच्या तेलाचा उपाय आहे. तुवरक म्हणजे आपले कडू कवठ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर हेच तेल, चालमोगरा या नावाने, कुष्ठरोग्यांच्या कातडीत टोचले जात होते. टोचताना भयंकर दुखे, गुण थोडका येई. पण दुसरे काही नव्हतेच.

जंतू सापडला तो १८७३ साली, नॉर्वेमधल्या बर्गन गावात. डॉ. आर्माउर हान्सेन यांनी रुग्णाच्या गाठीतल्या रसात काडीसारखे जंतू पाहिले. माणसाच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचे मूळ एखाद्या जंतूत आहे असे दाखवण्याचे हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक. आता वाटावे की शाप, पाप, पूर्वजन्म हे सगळे मागे पडले असेल. झाले उलटेच. जंतू आहे म्हणजे संसर्ग आहे, आणि संसर्ग आहे म्हणजे कोंडून ठेवा. हवाई बेटांवर रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने वारले, तेव्हा युरोपात घबराट उडाली. त्यानंतर हिंदुस्थानात एक कुष्ठरोग आयोग आला. हिंडून-फिरून त्याने निष्कर्ष काढला की रोगाचा संसर्ग फारसा सहज होत नाही. तरीही १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा झाला. त्या कायद्यात धरण्यासारखा रुग्ण म्हणजे जखमा असलेला आणि भिकारी. घरदार असलेला रुग्ण त्यातून सुटला. म्हणजे कायदा जंतूपेक्षा गरिबीलाच जास्त भीत होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

जंतू सापडला, पण आपला प्रश्न सुटला नाही. जंतू बोटे खातो का?

याचे उत्तर शोधायला लागणारी पहिली किल्ली १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी सापडली. इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातल्या तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलांचा अभ्यास करत होते. त्यांनी गुलाबाचा काटा त्या पिलाच्या अंगात टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीरात पहारेकरी पेशी असतात, त्या परक्या वस्तूकडे धावतात, तिला गिळतात, हा विचार तिथून सुरू झाला. या कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासोबत मिळाले. मेचनिकॉव्ह यांचा एक विद्यार्थी आपल्याला जास्त जवळचा आहे. प्लेगच्या साथीत मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेणारे डॉ. हाफकिन, ज्यांच्या नावाची संस्था परळला आहे, ते ओडेसात मेचनिकॉव्ह यांच्याच हाताखाली शिकले होते.

तर पहारेकरी पेशी सापडल्या. तेव्हाची समजूत सोपी होती : जंतू वाईट, पेशी चांगल्या. इथे मला शिवाजी महाराजांचे एक प्रसिद्ध पत्र आठवते. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्याच घोडदळाला महाराजांनी ताकीद दिली होती की रयतेचे दाणे, गवत, भाजी फुकट उचलू नका. नाहीतर लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरा. शत्रू तिथे नव्हताही. पण बसून राहिलेली, भूक लागलेली, हत्यारबंद फौज आपल्याच मुलखाचे काय करू शकते, हे महाराज ओळखून होते. कुष्ठरोगात शरीराचे असेच होते, आणि हे डॉक्टरांच्या नीट ध्यानात यायला पाऊणशे वर्षे गेली.

जंतूचा स्वभाव आधी पाहू. हा जंतू विलक्षण आळशी. आपल्या आतड्यातला साधा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत चार-पाच वर्षे, कधी कधी वीस वर्षेही जातात. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजतागायत कोणाला वाढवता आलेला नाही. त्याला थंडावा मानवतो, म्हणून कानाची पाळी, नाक, भुवया, कोपराजवळून कातडीलगत जाणारी नस या त्याच्या जागा. आणि चेतातंतूंभोवती जे पेशींचे वेष्टन असते, त्याच्या आत शिरून बसण्याची त्याला खोड आहे. या पेशींना श्वान पेशी म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्या नावावरून. कुत्र्याशी त्यांचा काही संबंध नाही.

या जंतूजवळ घटसर्पासारखे किंवा धनुर्वातासारखे विष नाही. माझी नोकरी सरकारी प्रयोगशाळेतली. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन घेतलेला रस काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि पाहायचे. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. कधी कधी एका ठिकाणी विड्यांच्या जुडग्यासारख्या शेकडो. असा माणूस समोर बसलेला असतो, चहा पितो, गप्पा मारतो. अंगात अक्षरशः कोट्यवधी जंतू, आणि त्याची तक्रार काय, तर कातडी जरा जाड झाल्यासारखी वाटते. उलट दुसऱ्या एखाद्याच्या काचपट्टीवर तासभर शोधूनही एक काडी सापडत नाही, आणि त्याचा हात मात्र पंजासारखा वाकलेला असतो.

हा विरोधाभास जपानच्या डॉ. मित्सुदा यांनी १९१९ च्या सुमारास एका साध्या चाचणीतून पुढे आणला. मारलेले जंतू कातडीत टोचले तर ज्यांच्या अंगात जंतू भरमसाट आहेत त्यांना काहीच होत नाही. ज्यांच्या अंगात जंतू नगण्य आहेत त्यांना तीन-चार आठवड्यांनी त्या जागी गाठ येते. म्हणजे पहिल्याची फौज झोपलेली, दुसऱ्याची जागी. जागी फौज जंतूला वाढू देत नाही. पण जंतू लपला आहे नसेच्या आत. टी पेशी त्याला ओळखतात, रासायनिक इशारे देतात, गिळणाऱ्या मोठ्या पेशी तिथे गर्दी करतात, गाठी बांधतात. नसेभोवतीचे आवरण ताणत नाही. आत सूज येते, रक्तपुरवठा दबतो, आणि नसेचे धागे मरतात. कोपरामागची नस सुतळीएवढी, कधी दोरीएवढी जाड हाताला लागते. ती गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, वाकते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल लोंबते. चेहऱ्याची गेली की पापणी मिटत नाही आणि उघड्या डोळ्यात धूळ जाऊन तो अधू होतो.

ज्यांची फौज झोपलेली असते त्यांच्या नसाही वाचत नाहीत, पण तिथे नुकसान सावकाश, वर्षानुवर्षे होते. आणि त्यांची फौजही एखाद्या दिवशी अचानक जागी होते. त्याकडे नंतर येतो.

आता वर्ध्याला जाऊ. आपला बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. राजधानी भोपाळला गेली तरी आपली सोयरीक आणि आपले दवाखाने गोंदिया-नागपूरकडेच राहिले. म्हणून हा इतिहास मला परका वाटत नाही. याच प्रांताच्या पूर्व टोकाला चांपा येथे मिशनरी पेनर यांनी १९०२ पासून कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले होते. आणि १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. ख्रिस्ती मिशनऱ्यांचे काम म्हणून जे बाजूला ठेवले जात होते, ते एका मराठी ब्राह्मण तरुणाने अंगावर घेतले. त्याचे आज फारसे कोणी नाव घेत नाही, याचे मला वाईट वाटते. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री १९३९ मध्ये सेवाग्रामला आले तेव्हा त्यांना रोगाने पोखरले होते. गांधीजींना ते येरवड्याच्या तुरुंगापासून ठाऊक होते. गांधीजींनी त्यांना आश्रमात आपल्या झोपडीजवळ जागा दिली, आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केले. तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. पुढे शास्त्रीजी दत्तपूरला राहिले आणि तिथेच त्यांचा शेवट झाला. ३० जानेवारी हा आपल्या देशात कुष्ठरोगविरोधी दिन असतो, त्याच्यामागे ही पार्श्वभूमी आहे. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले.

आणि वरोरा. सहा रुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय घेऊन १९५१ साली बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केले, ही गोष्ट आपल्या मुलांनाही माहीत आहे. तिच्या आधीची एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. १९४९ मध्ये बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, प्राण्यांत वाढत नाही, तर माणसात वाढवून पाहावा, असा विचार तिथे चालला होता. बाबांनी स्वतःचे शरीर पुढे केले. जंतू त्यांना टोचण्यात आले. काही झाले नाही. जंतू त्यांच्या अंगात रुजलाच नाही.

यात बाबांचे धैर्य तर आहेच. साधनाताई आणि दोन लहान मुले घरी असताना केलेला तो निर्णय आहे. त्याला वेडेपणा म्हणणारेही तेव्हा असतील. पण निकाल पाहा. सुमारे शंभरातल्या पंच्याण्णव माणसांचे शरीर या जंतूला थारा देत नाही, हे आज आपण सहज सांगतो. त्यांच्या पहारेकरी पेशी गाजावाजा न करता, डागही न उठता, तो संपवून टाकतात. बाबा त्या पंच्याण्णवांतले निघाले. भिंतींच्या आड लाखोंना कोंडण्याचा जो व्यवहार साठ वर्षे चालला होता, त्याला ही मोठीच चपराक होती. त्या काळी ती कोणाच्या गालावर बसली नाही, एवढेच.

त्याच १९५१ मध्ये गांधी स्मारक निधीतून वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. त्याचे पहिले संचालक डॉ. रा. वि. वार्डेकर. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत दुर्लक्षित नाव. त्यांनी सांगितले की रुग्णाला दूर नेऊ नका, गावोगाव जाऊन शोधा, लोकांना समजवा, घरीच गोळी द्या. आणि हे काम डॉक्टरांवर न सोपवता शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांवर सोपवले. शोध, शिक्षण, उपचार ही त्यांची पद्धत पुढे देशाच्या कार्यक्रमाचा कणा झाली. आज आशाताई घरोघर जाऊन अंगावरचा चट्टा पाहते, तिची वाट सेवाग्रामच्या परिसरातून निघाली आहे.

गोळी कुठून आली? अमेरिकेत लुइझियानातल्या कारविल येथे १९४१ मध्ये डॉ. फॅगेट यांनी सल्फोन गटातले एक औषध वापरून पाहिले आणि गुण आला. त्यातूनच स्वस्तातली डॅप्सोनची गोळी आली. जंतू मरू लागले. आता सगळे ठीक होणार, असे वाटले.

इथे फौजेची गोष्ट परत येते. गोळी सुरू करून काही महिने झाले की कित्येकांचे जुने डाग लाल होऊन फुगत. हातपाय सुजत. नस एवढी दुखे की कोपराला बोट लावू देत नसत, आणि चार-आठ दिवसांत हाताची पकड जाई. दुसऱ्या काहींना ताप चढे, अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठत, डोळे लाल होत, सांधे धरत. गावात याचा एकच अर्थ लावला जाई : औषध गरम पडले. गोळ्या विहिरीत जात, माणूस घरात लपे. लोकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. गोळीआधी हात चालत होता, गोळीनंतर वाकला. शहाणा माणूसही हेच म्हणेल.

खरे काय होते? पहिल्या प्रकारात झोपलेली फौज जागी झालेली असते. जंतू कमी झाले, तसे टी पेशींना बळ आले, आणि त्या नसेतल्या उरल्यासुरल्या जंतूंवर तुटून पडल्या. दुसऱ्या प्रकारात मेलेल्या जंतूंचे तुकडे रक्तात येतात, त्यांना प्रतिपिंडे चिकटतात, ते लगदे रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे पांढऱ्या पेशी दंगल माजवतात. अशा रुग्णाच्या काचपट्टीवर मी जे पाहतो ते सांगतो : काड्या अखंड नसतात, तुटक, दाणेदार असतात. म्हणजे शत्रू मेलेला आहे आणि लढाई ऐन भरात आहे. याला डॉक्टर ‘रिॲक्शन’ म्हणतात. साधारण तिघांत एका रुग्णाला ती कधी ना कधी येते.

या काळात दोन माणसांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पुरे केले. मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर, भारतातल्या विकृतिशास्त्राचे पितामह, यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहून दाखवले की रोगाच्या अगदी सुरुवातीलाच जंतू त्वचेतल्या बारीक चेतातंतूंत असतो. म्हणजे हा आधी नसेचा आजार आहे, कातडीचा नंतर. आणि वेल्लोरला १९४७ नंतर डॉ. पॉल ब्रँड यांनी बोटांचा पाठपुरावा केला. बोटे झडत नाहीत, असे त्यांना आढळले. नस मेल्याने दुखणे कळत नाही. माणूस तापलेले भांडे हातात धरतो, गंजलेल्या कुलपात किल्ली जोराने फिरवतो, हात सोलतो, पू होतो, हाड विरघळते. काही बोटे रात्रीतून नाहीशी होत. पहारा ठेवला तेव्हा कळले की उंदीर कुरतडत आणि झोपलेल्याला पत्ता लागत नसे. मग रुग्ण घरी जाताना त्याच्यासोबत मांजर देण्याची पद्धत तिथे पडली.

तर हा क्रम असा. जंतू लपतो. फौज येते आणि शत्रूसोबत नसही तुडवते. बधिर हाताला चूल, काटा आणि उंदीर संपवतात. ज्याची बोटे गेली त्याच्या अंगात बहुधा जंतू उरलेलाही नसतो. ॲक्वर्थ यांच्या काळात ज्यांना सर्वांत घातक समजून भिंतीआड नेले, त्यांतल्या अनेकांपासून कोणाला काही होण्याची शक्यता नव्हती.

फौज आवरायची कशी, याचा शोध विचित्र ठिकाणी लागला. थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये झोपेसाठी विकायला आले आणि १९६१ मध्ये बंद झाले, कारण ते घेतलेल्या गरोदर स्त्रियांची मुले हातापायांविना जन्मली. १९६४ मध्ये जेरुसलेमला डॉ. शेस्किन यांनी रिॲक्शनच्या वेदनेने दिवसेंदिवस न झोपलेल्या एका रुग्णाला झोप यावी म्हणून तेच उरलेसुरले औषध दिले. झोप आलीच, पण एक-दोन दिवसांत ताप आणि गाठीही गेल्या. जंतूवर या औषधाचा काही परिणाम नाही. पेशी एकमेकींना जे भडकवणारे रसायन सोडतात, ते ते कमी करते, असे १९९१ मध्ये समजले. आजही काही रुग्णांना ते देतात, पण गर्भधारणेच्या धोक्यामुळे अतिशय जपून. बहुतेकांसाठी उपाय साधा आहे : प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, काही महिने, हळूहळू कमी करत. नस कमजोर होऊन सहा महिन्यांच्या आत सुरू झाले तर बऱ्याच हातांत पुन्हा ताकद येते. त्यानंतर आशा कमी.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत हीच गोष्ट आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. आजाराच्या पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत होता. दुसऱ्या आठवड्यात ज्यांचा श्वास कोंडला, त्यांच्या फुप्फुसांचे नुकसान बऱ्याच अंशी त्यांच्याच पेशी करत होत्या. म्हणून ऑक्सिजन लागलेल्यांना डेक्सामेथासोन दिले आणि कित्येक वाचले. तेच स्टेरॉइड गरज नसताना, मनाने, जास्त दिवस घेतले, तिथे साखर वाढली आणि काळ्या बुरशीने डोळे गेले. फौजेला आवरताना पहाराच उठवून चालत नाही. कुष्ठरोगाच्या डॉक्टरांना ही कसरत तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे माहीत होती.

डॅप्सोन एकट्याने घेतल्याने जंतू त्याला सरावले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचे मिळून उपचार सुचवले. भारतात ज्या जिल्ह्यांत ते सर्वांत आधी सुरू झाले त्यांत वर्धा होता. दुसरे कुठे सुरू होणार? क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, म्हणून बाया ते टाळतात. पण जंतू मारण्यासोबत रिॲक्शन शांत करण्याचा गुणही त्याच्यात आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्या, फुकट, आणि पहिल्या काही मात्रांतच रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. डिसेंबर २००५ मध्ये देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. त्याला ‘निर्मूलन’ म्हणून जाहीर केले गेले. हा शब्द सरकारी माणसाने वापरावा तसाच मीही वापरत आलो आहे, पण २०२३ मध्ये जगात जे १,८२,८१५ नवे रुग्ण नोंदले गेले त्यांतले १,०७,००० हून अधिक भारतातले होते. १८९८ चा तो कायदा केंद्राने रद्द केला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते.

आपल्या जिल्ह्यातही नवे रुग्ण निघतात. बैहर-लांजीकडची माणसे मजुरीला नागपूर-हैदराबादकडे जातात, तिकडे गोळ्या सुटतात, इकडे परत आले की सुरू होतात. पण मला जास्त काळजी वाटते ती गोळ्या पुऱ्या केलेल्यांची. गोळ्या संपल्या की रजिस्टरमध्ये नावापुढे ‘आर.एफ.टी.’ लिहितात. म्हणजे उपचारातून मुक्त. जंतूच्या हिशेबाने ते बरोबर आहे. फौजेला मात्र ते रजिस्टर माहीत नसते. मेलेल्या जंतूंचा कचरा अंगात वर्षानुवर्षे राहतो, आणि रिॲक्शन गोळ्या संपल्यावर दोन-तीन वर्षांनीही येऊ शकते. तेव्हा तो माणूस कोणत्याच चालू यादीत नसतो. त्याला सांगितलेले असते की तू बरा झालास. हात सुजला तर तो सांधेवात समजून गावातल्या दुकानातून दुखण्याची गोळी घेतो, किंवा रोग उलटला म्हणून सोयरीक ठरायच्या वेळी घरातच लपतो. सहा महिने असेच जातात.

म्हणून घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईच्या माहेरी, ज्याला पूर्वी हा आजार होऊन गेला आहे असा कोणी असेल, तर एक तपासणी घरीही करता येते. तिला फार काही लागत नाही. एक बॉलपेन. माणसाला डोळे मिटायला सांगा. पेनाचे टोक तळहातावर करंगळीच्या बुडाशी, मग अंगठ्यापाशी, मग तळपायाला हलकेच टेकवा, आणि जिथे टेकले तिथे त्याला बोट ठेवायला सांगा. मग करंगळी बाहेर ताणून धरायला सांगा आणि आपल्या बोटाने आत ढकलून पाहा, दोन्ही हातांत सारखा जोर आहे का. शेवटी डोळे झोपेत मिटतात तसे अलगद मिटायला सांगा, फट राहते का पाहा. गेल्या महिन्यात कळत होते आणि आज कळत नाही, असे एकही ठिकाण निघाले तर दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या कुष्ठरोग विभागात न्या. चिठ्ठीवर ‘जुना रुग्ण, नवा बधिरपणा’ एवढेच लिहा.